१.३३ आलंच पाहिजे का?

मागच्या महिन्यात या पानावर ग्लासातली पेन्सिल वाकडी का दिसते यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर सांगली-साताऱ्याकडून एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं पान पाण्यालाच देऊन टाकलंय. प्रश्न थोडे कापलेत, बाकी जसेच्या तसे आहेत.

प्रश्न : नमस्कार सर. मुलगी दहावीत आहे. शाळेत ग्लास स्लॅबचा प्रयोग झाला, मग तिनं प्रोजेक्टला पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, मोजायला घेतला. प्लॅस्टिकचा अर्धगोल डबा, त्याखाली ३६० अंशांची छापलेली चकती आणि लेझर पॉइंटर, एवढंच सामान. आपतन कोन (हवेतला, आय) १०, २०, ३०, ४०, ५०, ६० ला अपवर्तन कोन (पाण्यातला, आर) आले ८, १५, २१, ३०, ३५, ४१. त्यावरून साइन आय भागिले साइन आर करून उत्तरं १.२५, १.३२, १.४०, १.२९, १.३४, १.३२. शाळेत सांगितलं की १.३३ यायला पाहिजे, परत घे. तीनदा घेतलं तरी तसंच काहीतरी येतंय, आणि आता आमच्या घरच्या मॅडम उलटं गणित करून कोन लिहायला लागल्यात, म्हणजे १.३३ धरून कोन काढायचा आणि तोच रीडिंग म्हणून जर्नलमध्ये टाकायचा. ओरडू का मदत करू तेच कळेना.
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, ओरडू नका, आणि ते उलटं गणितही करू देऊ नका, कारण तिची रीडिंग चांगली आहेत. खरंच चांगली आहेत. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ धरला तर तिच्या सहा कोनांना अपवर्तन कोन यायला पाहिजेत ७.५, १४.९, २२, २८.८, ३५.१ आणि ४०.५. आता हे तिच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. सगळ्यात जास्त चुकलंय ते ४० चं, ते पण जेमतेम सव्वा अंशानं. छापलेल्या चकतीवर दोन-तीन मिलिमीटर जाड लेझरची रेघ वाचताना यापेक्षा बारीक वाचणं मला पण जमणार नाही.

मग १.२५ आणि १.४० एवढा फरक कुठून आला? सगळा खेळ लहान कोनांचा आहे. आपतन कोन १० असताना अपवर्तन कोन साडेसात असतो, तिथं एक अंश इकडं-तिकडं झालं की उत्तर १.१७ पासून १.५३ पर्यंत कुठंही जातं, म्हणजे पाणी मोजलं की काच मोजली तेच कळणार नाही. आणि तोच एक अंश ६० ला चुकला तर उत्तर १.३१ ते १.३६ च्या मधेच राहतं. चूक तेवढीच पण तिचं वजन वेगळं. त्यामुळे १० अंशाच्या रीडिंगवर जीव काढण्यात काही अर्थ नाही, ते घ्या, लिहा आणि पुढं चला, वेळ घालवायचा तो ५०, ६०, ७० ला.

आता सहा उत्तरांची सरासरी काढू नका. म्हणजे काढली तर १.३२ येते, तशी बरी येते, पण ते वरच्या-खालच्या चुका एकमेकीत जिरल्या म्हणून. सरासरीत १० अंशाच्या डळमळीत रीडिंगला ६० अंशाच्या रीडिंगएवढंच मत मिळतं. त्याऐवजी ग्राफ पेपर घ्या, आडव्या अक्षावर साइन आर, उभ्यावर साइन आय, सहा ठिपके टाका आणि शून्यातून जाणारी एकच सरळ रेघ अशी ओढा की ठिपके दोन्ही बाजूंना सारखे विखुरतील. ठिपके जोडत जायचं नाही हां, पोरं हमखास ठिपक्याला ठिपका जोडून करवत काढतात. त्या रेघेचा चढ म्हणजे अपवर्तनांक. तुमच्या मुलीच्या आकड्यांवर मी हे करून बघितलं, १.३२ आला, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा एक टक्कासुद्धा कमी नाही. प्लॅस्टिकच्या डब्यावर आणि छापील चकतीवर एक टक्का! हे जर्नलमध्ये असंच्या असं लिहायचं, रीडिंग, ग्राफ, आलेलं उत्तर, पुस्तकातलं उत्तर, टक्क्यात फरक, आणि खाली फरक कशामुळे आला असेल त्याच्या दोन ओळी. परीक्षकाला नुसतं सहा वेळा १.३३ दिसलं ना की तो ओळखतो, त्यानं पण कधीतरी तेच केलेलं असतं.

आणि मुलीला एक गोष्ट सांगा. हा प्रयोग दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं केला होता, तोच तो खगोलवाला. त्यानं अंश कोरलेली गोल तबकडी अर्धी पाण्यात बुडवून दर १० अंशाला मोजलं आणि त्याचे आकडे आजही आपल्याकडे आहेत : ८, १५.५, २२.५, २९, ३५, ४०.५, ४५.५, ५०. पहिला आकडा बघा, १० ला ८, म्हणजे तुमच्या मुलीचं आणि टॉलेमीचं रीडिंग सेम! पण पुढं गंमत आहे. शेजारच्या आकड्यांमधला फरक काढा, साडेसात, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार. दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी. एवढं शिस्तीत पाणी वागत नाही. ८० अंशाला खरा कोन ४७.६ च्या आसपास येतो आणि त्यानं ५० लिहिलाय, म्हणजे आधी काहीतरी मोजलं, त्यात एक पॅटर्न दिसला आणि मग आकडे त्या पॅटर्नमध्ये बसवले, असंच इतिहास अभ्यासणारे बहुतेक लोक म्हणतात. नुकसान काय झालं, तर खरा नियम साइनचा आहे हे त्या आकड्यांतून कुणाला दिसायची सोयच उरली नाही. तो नियम १० व्या शतकात बगदादला इब्न सहलनं मांडला, युरोपात १६२१ मध्ये स्नेलनं शोधला आणि १६३७ मध्ये देकार्तनं छापला.

आता परत रीडिंग घ्यायचीच असतील तर तीन-चार गोष्टी बघा. लेझर डब्याच्या सपाट बाजूवर बरोबर मध्यबिंदूलाच लागला पाहिजे, तरच किरण गोल बाजूनं त्रिज्येच्या रेषेत बाहेर पडतो आणि तिथं परत वाकत नाही. मध्यापासून दोन मिलिमीटर जरी सरकला तरी रीडिंगची वाट लागते, चाळीसच्या रीडिंगला बहुतेक हेच झालंय. कोन स्तंभिकेपासून, म्हणजे सपाट बाजूला काटकोनात असलेल्या रेषेपासून, मोजायचा, डब्याच्या भिंतीपासून नाही. स्तंभिकेच्या डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही बाजूंनी तोच कोन घेऊन सरासरी काढली तर चकती थोडी तिरकी चिकटली असेल ती चूक निघून जाते, हे करतच नाही कुणी. प्लॅस्टिकच्या सपाट भिंतीची काळजी करू नका, तिच्या दोन्ही बाजू समांतर आहेत, त्यामुळे किरण जरासा बाजूला सरकतो पण त्याची दिशा बदलत नाही.

पण माझं ऐकाल तर कोनमापक सोडाच, पट्टीनं मोजा. मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते. २५-३० सेंटीमीटर लांबीचा पारदर्शक चौकोनी डबा किंवा छोटा फिश टँक घ्या, तळाला आतून लॅमिनेट केलेला ग्राफ पेपर चिकटवा. लेझर स्टँडला किंवा पुस्तकांच्या चवडीवर असा पक्का बांधा की त्याचं तोंड तळापासून २० सेंटीमीटर उंच राहील, आणि तिरका करत करत रिकाम्या डब्यात ठिपका तोंडाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ३४.६ सेंटीमीटरवर पाडा. झाला ६० अंशाचा आपतन कोन, कोनमापकाला हात न लावता. आता लेझर न हलवता डब्यात सावकाश पाणी भरा, १० सेंटीमीटर. ठिपका मागं सरकत येतो, आणि हे बघायला फार भारी वाटतं, पाणी चढतंय आणि लाल ठिपका ग्राफ पेपरवरून लेझरच्या दिशेनं चालत येतोय. साधारण ८.८ सेंटीमीटर सरकेल. पाणी नसतं तर पृष्ठभागाखाली किरण आडवा १७.३ सेंटीमीटर गेला असता, त्यातून ८.८ वजा केले, राहिले ८.५. भागिले खोली १०, हा झाला टॅन आर, ०.८५. कॅल्क्युलेटरवर त्याचा कोन ४०.४, साइन ०.६४८, आणि ०.८६६ ला त्यानं भागलं की १.३३६. इथं एक मिलिमीटर चुकलं तर उत्तर शंभरातल्या एका भागानं पण हलत नाही.

खोली मोजताना मात्र पट्टीकडं बघा, बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी दोन-तीन मिलिमीटर रिकामी जागा असते. ६० अंशाला लेझरचा ठिपका लांबट होतो, तर दोन्ही वेळेला ठिपक्याची एकच कड वाचायची, एकदा पुढची आणि एकदा मधली असं नको. आणि एक महत्त्वाचं, पाण्यावरून थोडा लेझर परावर्तित होऊन समोर वर जातो, तिकडं कुणाचे डोळे येणार नाहीत असं बघा, विशेषतः धाकटी भावंडं टेबलाच्या उंचीची असतात.

प्रश्न : आमच्या डब्यात लेझर पाण्यातून दिसतच नाही, फक्त ठिपका दिसतो. यूट्यूबवर मस्त रेघ दिसते. लेझर पॉवरफुल घ्यावा का?
— नववीतला एक जण, कराड

उत्तर : अजिबात नको. पाणी स्वच्छ आहे म्हणून रेघ दिसत नाही, एवढंच. लिटरभर पाण्यात दुधाचे एक-दोन थेंब टाक आणि हलव, रेघ दिसायला लागेल. चमचाभर टाकलंस तर रेघेचा ढग होईल आणि काहीच वाचता येणार नाही. पाण्याच्या वर हवेतली रेघ बघायची असेल तर उदबत्तीचा धूर सोड, खोलीत अंधार कर. लाल असो की हिरवा, साधा कमी पॉवरचाच पॉइंटर वापर.

आणि हिरव्यानं उत्तर वेगळं येतं का असं पुढं विचारशीलच, तर हो, किंचित. लाल लेझरला पाण्याचा अपवर्तनांक १.३३१ च्या आसपास आणि हिरव्याला १.३३५ च्या. पुस्तकातला १.३३३ हा सोडियमच्या पिवळ्या उजेडासाठी, २० अंश सेल्सिअसला. तुझ्या डब्यात हा फरक दिसणार नाही.

प्रश्न : प्रकाश पाण्यात हळू जातो म्हणून वाकतो असं शिकवलं. पण वाकला म्हणून हळू गेला हे कशावरून? कोन मोजून वेग कसा काय कळतो?
— बारावी सायन्स, मिरज

उत्तर : नाही कळत, आणि हा प्रश्न सुचला म्हणून पाठ थोपटून घे. न्यूटन प्रकाशाला कण मानायचा आणि त्याच्या हिशोबानं पाणी त्या कणांना आत ओढतं म्हणून प्रकाश पाण्यात जोरात जायला पाहिजे. लाटांवाले म्हणायचे हळू जातो. दोघांच्याही गणितातून साइनचा तोच नियम निघतो आणि तोच १.३३, त्यामुळे कोन कितीही बारीक मोजले तरी भांडण मिटणारं नव्हतं. १८५० मध्ये पॅरिसला फूकोनं जोरात फिरणारा आरसा वापरून हवेतला आणि पाण्यातला वेग थेट ताडून बघितला, पाण्यात हळू निघाला. आज आपण पाण्यात सेकंदाला सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर म्हणतो, ३ लाख भागिले १.३३.

प्रश्न : आमची तासगावला द्राक्षबाग आहे. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, बघायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, दोन थेंब टाकले की आकडा. पोरगा म्हणतो हा आणि शाळेतला वक्रीभवनाचा प्रयोग एकच. खरं का? आणि शेजाऱ्याच्या मीटरला अन् आमच्या मीटरला कधी कधी एक-दीड ब्रिक्सचा फरक येतो, व्यापारी तर अजून तिसरंच सांगतो.
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : पोरगा बरोबर बोलतोय दादा. रसात साखर वाढली की त्याचा अपवर्तनांक वाढतो. साध्या पाण्याचा १.३३३, २० ब्रिक्सच्या साखरपाण्याचा १.३६४, ५० ब्रिक्सला १.४२. मीटरच्या आत काचेचं प्रिझम आहे, त्यावर रसाचा पातळ थर बसला की ठरावीक कोनापलीकडं उजेड प्रिझममध्ये शिरूच शकत नाही, म्हणून डोळ्याला वरचा भाग निळा, खालचा पांढरा आणि मधे रेघ दिसते. ती रेघ कुठं पडणार ते रसाच्या अपवर्तनांकावर, आणि शेजारची पट्टी आकडा थेट ब्रिक्समध्ये छापून देते. १०० ग्रॅम साखरपाण्यात १ ग्रॅम साखर म्हणजे १ ब्रिक्स. द्राक्षाच्या रसात आम्लं, क्षार पण विरघळलेले असतात, मीटर त्यांना पण साखरेतच धरतं, तेवढं ध्यानात ठेवा.

फरकाचं म्हणाल तर आधी दोन्ही मीटर डिस्टिल्ड वॉटरनं शून्यावर आणा, बोअरच्या पाण्यानं नको, आपल्याकडं त्यात क्षार भरपूर. काचेवर आधीचा रस वाळलेला असतो, तो ओल्या मऊ कापडानं पुसा. मीटर उन्हात तापलेलं असेल तर सावलीत ठेवून मग बघा, तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारं असलं तरी रस टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा. आणि सगळ्यात मोठा फरक मीटरचा नसतोच, मण्यांचा असतो. घडाच्या खांद्याचे मणी गोड, शेंड्याचे कमी. व्यापारी कुठला मणी तोडतो ते बघा, मग आकड्यावर बोला! वर-मधे-खाली असे मणी वेगवेगळ्या घडांचे घेऊन एकत्र रस काढला तर भांडायला जागा राहत नाही.

पोराला घरी करायचं असेल तर वर सांगितलेल्या डब्याच्या प्रयोगात पाण्याऐवजी साखरपाणी घ्यायला सांगा, ८०० मिली पाण्याला २०० ग्रॅम साखर या हिशोबानं, म्हणजे २० ब्रिक्स. ६० अंशाला, १० सेंटीमीटर खोलीला किरण साध्या पाण्यात साडेआठ सेंटीमीटरवर पडतो तो इथं ८.२ ला पडेल. तीन मिलिमीटरचा फरक, पट्टीवर दिसतो. निम्मं पाणी निम्मी साखर अशा वजनानं केलं तर ७.७. साखर पूर्ण विरघळून एकजीव झाली पाहिजे. मुद्दाम न हलवता तळाशी साखर टाकून डबा एक दिवस तसाच ठेवला तर वेगळाच तमाशा बघायला मिळतो, खाली दाट वर पातळ असं पाणी होतं आणि आडवा सोडलेला लेझर सरळ न जाता कमानीसारखा खाली वळत जातो. हे रीडिंग म्हणून कामाचं नाही, पण दाखवाच.

प्रश्न : लिंबची बारा मोटेची विहीर बघायला पाहुणे घेऊन जातो. वरून पाणी बघून प्रत्येक जण खोलीचा वेगळा अंदाज करतो. विहीर पाऊणच दिसते असं मी त्यांना सांगतो ते बरोबर आहे ना? आणि नातवंडांना हे घरात मोजून कसं दाखवायचं?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, निम्मं बरोबर. पाऊण होते ती फक्त पाण्याची खोली. शाहू महाराजांच्या काळातली ती विहीर, वरच्या महालापासून पाण्यापर्यंतचा भाग हवेतला आहे, तो जेवढा आहे तेवढाच दिसतो. दुसरं म्हणजे पाऊण सुद्धा अगदी सरळ खाली बघितलं तरच. काठावरून तिरकं बघितलं की आणखी कमी. समजा पाणी ८ फूट आहे, सरळ वरून तळ ६ फुटांवर वाटेल, पण किरण पाण्यातून ६० अंश तिरका बाहेर येत असेल एवढ्या लांबून बघितलं तर ४ फुटांच्या आसपास. आणि माणूस काठावर उभा राहून तिरकंच बघतो, त्यामुळे संगम माहुलीला असो नाहीतर शेततळ्यावर, पोहायला न येणारं पोर ‘कमरेएवढंच तर आहे’ म्हणून उतरतं ते पाणी डोक्यावरून जातं. पोरांना पाऊणचा नियम सांगून त्यावरून अंदाज करायला शिकवू नका, काठी घालून बघायला शिकवा.

घरातल्या मोजणीला एक बादली, एक रुपयाचं नाणं आणि एक टाचणी पुरते. बादलीत २४ सेंटीमीटर पाणी, तळाला नाणं. टाचणी आडव्या पट्टीच्या टोकाला चिकटवून पाण्याच्या वर धरायची आणि सरळ वरून बघायचं, पाण्यात टाचणीचं प्रतिबिंब दिसेल आणि नाणं पण दिसेल. आता डोकं थोडं डावीकडं-उजवीकडं हलवा. प्रतिबिंब आणि नाणं एकमेकांना सोडून सरकत असतील तर टाचणी वर-खाली करा, दोन्ही जोडीनं हलायला लागली की थांबा. टाचणी पाण्याच्या जेवढी वर, तेवढ्याच खाली नाणं दिसतंय, कारण आरशातलं प्रतिबिंब तेवढंच मागं असतं. १८ सेंटीमीटरच्या आसपास येईल, २४ भागिले १८ म्हणजे परत १.३३. बादली गडद रंगाची घ्या, पांढऱ्या बादलीत टाचणीचं प्रतिबिंब शोधता शोधता नातवंडं पळून जातील.